माघ ते गुढीपाडवा : पुण्याहून एका दिवसाची सहल ठरवताना

तुम्ही विचारले आहे की, नोकरीनिमित्त नागपूरहून पुण्यात आल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा असून जानेवारीच्या अखेरीपासून गुढीपाडव्यापर्यंत सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा कोणत्या सहली कराव्यात. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि आठ व बारा वर्षांची मुले आहेत, गाडी स्वतःची आहे आणि सुटी फक्त रविवारची. गेली बावीस वर्षे मी पुण्याहून अशा एकदिवसीय सहली नेत आलो आहे, त्यामुळे ठिकाणांची मोठी यादी देणे मला अवघड नाही. परंतु या दोन-अडीच महिन्यांत आधी ‘कुठे’ हा प्रश्न विचारणारी माणसे निराश होऊन परततात आणि आधी ‘कधी’ हे विचारणारी तृप्त होतात, असा माझा अनुभव आहे. हुरडा शेताच्या वयावर, पक्षी धरणातील पाण्यावर आणि यात्रा तिथीवर अवलंबून असते. कॅलेंडरातील रविवार या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून आपण त्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते.

क्रमाने पहिला येतो तो हुरडा, कारण तोच सर्वांत आधी संपतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि दाणा दुधातून निघून भरला, पण अजून कडक झाला नाही, अशी अवस्था एका शेतात जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. शेतकरी पेरणी पुढे-मागे करतात म्हणून हंगाम डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लांबतो. त्यानंतरही हुरड्याच्या पाट्या रस्त्यांवर दिसतात, मात्र तेव्हा ताटात येणारा हुरडा बहुधा शीतगृहात साठवलेला असतो. म्हणून जागा ठरवताना जेवणात किती पदार्थ आहेत, झोपाळे आहेत का, यापेक्षा एकच प्रश्न विचारावा, की येत्या रविवारी तुमच्या कोणत्या शेतातील कणसे काढणार आहात. ज्याच्याकडे खरोखर शेत आहे तो लगेच पेरणीची तारीख सांगतो. सुरती आणि गूळभेंडी ही नावे तुमच्या कानावर पडतील. खास हुरड्यासाठीच घेतले जाणारे हे वाण दाण्याला गोड असतात आणि कणसातून सहज सुटतात.

मुलांना आगटीजवळ बसवा. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव केलेला असतो, कणसे त्या निखाऱ्यात खुपसून भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात. चोळणाऱ्याच्या तळहाताला किती चटका बसतो हे जवळून पाहिल्याशिवाय त्या वाटीभर हिरव्या दाण्यांचे मोल मुलांना कळत नाही. लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे आणि उसाचे करवे हा त्याचा खरा सरंजाम आहे. तुमच्या आई-वडिलांनी मात्र थोडा हुरडा सावकाश चावून खावा आणि वर ताक घ्यावे. हुरडा पचायला जड असतो आणि गप्पांच्या ओघात तो किती खाल्ला याचे भान राहत नाही.

नुसत्या हुरड्यासाठी दिवस घालवण्याऐवजी मी तो सोलापूर रस्त्यावरील दोन ठिकाणांशी जोडतो. पहाटे निघून लोणी काळभोरजवळच्या कवडीपाट येथे सूर्योदयाला पोहोचावे. तेथे मुळा-मुठा नदीवर जुना बंधारा आहे आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चक्रवाक, शेकाटे, नदी सुरय असे पक्षी अगदी जवळून दिसतात. शहराचा कचरा वाहून त्याच पाण्यात येतो, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मुले याबद्दल विचारतील आणि तुम्ही त्यांना खरे उत्तर द्यावे. तेथून नऊच्या सुमारास निघाले की यवतच्या पुढून भुलेश्वरला जाता येते. यादवकालीन शैलीचे हे शिवमंदिर दौलतमंगळ किल्ल्याच्या टेकडीवर आहे आणि गाडी बरीच वर जात असल्याने ज्येष्ठांना फार चढावे लागत नाही. बाहेरून ते साधे वाटते. आत मात्र काळ्या पाषाणातील हत्ती, घोडेस्वार, महाभारतातील प्रसंग आणि स्त्रीरूपातील गणेश असा शिल्पांचा खजिना आहे, आणि कितीतरी मूर्ती भंगलेल्या असूनही त्यांची कारागिरी थक्क करते. आतील प्रदक्षिणामार्ग अंधारा आणि थंड आहे, त्यामुळे डोळे सरावण्यासाठी पाच मिनिटे शांत उभे राहावे आणि सोबत एक लहान विजेरी न्यावी. महाशिवरात्रीला, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीला, येथे प्रचंड गर्दी होते. दर्शनाची ओढ असेल तर तो दिवस अवश्य निवडावा, पण शिल्पे पाहायची असतील तर तोच दिवस टाळावा. बाराच्या सुमारास मंदिरातून निघून त्याच परिसरातील शेतावर हुरड्याला जावे आणि उन्हाचे तीन-चार तास झाडाखाली काढून संध्याकाळी परतावे.

दुसरी सहल भिगवणची. हिच्याविषयी मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक चुकीच्या वेळी केली जाणारी सहल हीच आहे. उजनी धरणाने अडवलेले भीमेचे पाणी इंदापूर तालुक्यात पसरले आहे आणि पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर डिकसळ व कुंभारगाव या काठांवरून मच्छीमारांच्या होड्या पक्षी दाखवायला नेतात. बहुतेकांना हवा असतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात. हा पक्षी चोच उलटी करून उथळ पाण्यातील गाळ गाळतो आणि त्यातील शैवाल व बारीक जीव खातो. त्यामुळे धरण तुडुंब असेल तोवर त्याला येथे उभे राहायलाही जागा नसते. कालव्यांना पाणी सुटून पातळी उतरते, काठावरचा गाळ उघडा पडतो, आणि मग रोहित येतात. थंडी पडली म्हणजे पक्षी आलेच, हा समज अर्धाच खरा आहे. बदके आणि पट्टकदंब हे हंसासारखे पक्षी थंडीबरोबर येतात, परंतु रोहितांसाठी पाणी उतरण्याची वाट पाहावी लागते.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. एका वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि धरण जानेवारीतही काठोकाठ होते. तरीही आधीच्या वर्षीची तारीख पाहून मी बत्तीस माणसांना तेथे नेले. त्या दिवशी एकही रोहित दिसला नाही, आणि एक आजोबा परतीच्या वाटेवर नातवाची समजूत घालत होते ते मला अजून आठवते. तेव्हापासून मी निघण्याच्या दोन दिवस आधी ओळखीच्या होडीवाल्याला फोन करतो आणि पक्षी आले का, हे न विचारता चिखल किती उघडा पडला, हे विचारतो. तुम्हीही तसेच करावे. साधारणपणे फेब्रुवारीचा पूर्वार्ध ते मार्चचा मध्य हा काळ माझ्या पसंतीचा आहे. मात्र हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब मार्चमध्ये परतू लागतात, म्हणून दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारी सोडू नये. चित्रबलाक, कुरव आणि पाण्यावर झडप घालणारी मीनघार हे या फेरीत सहसा दिसतात.

पुण्याहून साडेचारला निघावे, म्हणजे सात वाजण्यापूर्वी होडीत बसता येते. नऊनंतर पाण्यावरील चकाकी वाढते आणि तापलेल्या हवेमुळे दूरचे पक्षी थरथरते दिसतात. होडीत बसण्याआधी नाखव्याला स्पष्ट सांगावे की, थवा उडवून दाखवू नका. उडणारा गुलाबी थवा छायाचित्रात सुंदर दिसतो हे खरे, पण दिवसभरात दहा होड्यांनी दहा वेळा उडवलेल्या पक्ष्याचे खाणे बुडते आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती वाया जाते. होडी दूर थांबवून वीस मिनिटे स्तब्ध बसलात, तर पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. मुलांनी भडक लाल-पिवळे कपडे घालू नयेत, प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे आणि ते नसेल तर त्या होडीत बसू नये. होडीत चढताना काठ निसरडा असतो, तेथे तुमच्या वडिलांना दोन माणसांचा आधार द्यावा. गावातच मच्छीमारांच्या घरी ताज्या माशांचे जेवण मिळते, शाकाहारी जेवण हवे असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागते. पाणी फारच ओसरलेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या पळसदेव गावातील पळसनाथाचे बुडालेले मंदिर उघडे पडते. ते पाहायला मिळाले तर आजी-आजोबांनी नातवंडांना धरणाखाली गेलेल्या गावांची गोष्ट तिथेच उभे राहून सांगावी.

तिसरी सहल तुमच्या बारा वर्षांच्या मुलासाठी, आणि तिची तारीख ठरलेली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाची आठवण म्हणून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली करण्याची आणि तेथे विज्ञान प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत, तर उरलेल्या १६ तीन हातांवर दूरवर पसरलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या मिळून सुमारे पंचवीस किलोमीटर विस्ताराच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. तबकडी भरीव पत्र्याची नसून पोलादी तारांच्या विरळ जाळीची का आहे, हे मुलाला तेथील संशोधकांना विचारायला लावा. रेडिओ लहरींच्या लांबीपुढे जाळीची भोके नगण्य असतात आणि वारा मात्र जाळीतून आरपार जातो, हे उत्तर तबकडीखाली उभे राहून ऐकले की कायमचे लक्षात राहते. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना तेथे मनापासून पाळावी, कारण आकाशातून येणारा संदेश आपल्या फोनच्या तुलनेत अतिशय क्षीण असतो. शाळांच्या बसगाड्या दहानंतर लोटतात, म्हणून दरवाजा उघडतानाच पोहोचावे, आणि त्या वर्षी प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते का हे आठवडाभर आधी पाहून ठेवावे.

खोडदच्या दिवशी शिवनेरी करू नये, दोन्ही अर्धवट होतात. शिवनेरीसाठी वेगळा रविवार ठेवा आणि तो १९ फेब्रुवारीच्या आधी किंवा नंतर आठवडाभराच्या अंतराने ठेवा. शिवजयंतीला गडावर जो उत्साह असतो तो अनुभवण्यासारखाच आहे, पण सत्तरीच्या माणसांना त्या गर्दीत सात दरवाज्यांच्या पायऱ्या चढणे जड जाईल. एरवी मात्र वाट बांधीव आहे आणि अधूनमधून बसत गेल्यास शिवाई देवीच्या मंदिरापर्यंत तरी बहुतेक ज्येष्ठ पोहोचतात. या दिवसांत जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात द्राक्षतोड चालू असते, तेव्हा उतरल्यावर एखाद्या बागायतदाराची परवानगी घेऊन मांडवाखाली जाऊन यावे. लेण्याद्री समोरच दिसते, पण तिच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या त्याच दिवशी आई-वडिलांवर लादू नयेत.

येथेच मधमाश्यांविषयी सांगणे भाग आहे. काटेसावर, पांगारा, पळस फुलले की मोहोळे भरात येतात, आणि आग्या मधमाश्यांची मोठी पोळी नेमकी गडांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या कपाळांवर असतात. काही वर्षांपूर्वी एका लेण्याच्या पायथ्याशी कोणीतरी पेटवलेल्या पाचोळ्याच्या धुराने माश्या उठल्या आणि माझ्या सोबतच्या तिघांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून मी सहलीच्या दिवशी अत्तर लावलेल्या माणसाला, वाईट वाटले तरी, गडावर नेत नाही. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत, चेहरा ओढणीने किंवा चादरीने झाकून त्या जागेपासून लवकर दूर जावे आणि मिळेल त्या बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. घरात कोणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर ही ठिकाणे सोडून द्यावीत. विस्तवाबाबतही तेच. फेब्रुवारीनंतर डोंगरावरील गवत पूर्ण वाळलेले असते आणि विझवली असे वाटणारी एक चूल रात्रीतून अख्खा डोंगर जाळते. त्या वणव्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीसुद्धा जातात.

आई-वडिलांना सर्वांत जास्त आनंद देईल अशी सहल माझ्या मते वाईची आहे. पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटरवरील या गावात हिवाळ्याच्या उत्तरार्धात कृष्णामाईचा उत्सव भरतो. तो एकाच दिवशी उरकत नाही, तर एकेका घाटाचा आणि आळीचा उत्सव पाळीपाळीने होतो. नदीलाच देवी मानून तिची मूर्ती मांडवात बसवतात, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. अफजलखानाच्या संकटाच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. तुमच्या रविवारी कोणत्या आळीचा उत्सव आहे हे आधी विचारून घ्यावे. सकाळी ढोल्या गणपती पाहताना मंदिराच्या मागच्या बाजूला अवश्य जा. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून ती भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती बांधलेली आहे, आणि समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुतेकांना ती दिसतच नाही. तेथून मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरील घाट पाहावा. घाटावरील छोट्या मंडपात टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगिजांकडची आहे.

दुपारचे ऊन टाळण्यासाठी पसरणीचा घाट चढून भिलारला जावे. ४ मे २०१७ रोजी हे गाव ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरू झाले. तेथील घराघरांत विषयवार पुस्तके ठेवलेली आहेत आणि कोणीही आत येऊन, बसून, विनामूल्य वाचावे अशी व्यवस्था आहे. भिलार मूळचे स्ट्रॉबेरीचे गाव आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ भरपूर असते. मात्र ते दुसऱ्या दिवशी नरम पडते, म्हणून जेवढे रात्रीपर्यंत संपेल तेवढेच घ्यावे. महाबळेश्वरपर्यंत पुढे जाण्याचा मोह त्या दिवशी आवरावा, कारण रविवारी संध्याकाळी घाटात अडकलेल्या गाडीत सकाळचा सगळा आनंद जिरून जातो.

वाईजवळच्या बावधनचे बगाड, म्हणजे नवस फेडण्याची रथयात्रा, रंगपंचमीला असते. होळीच्या रात्री भैरवनाथाचा कौल लावून नवस केलेल्यांतून बगाड्या निवडतात, त्याला उंच शिडावर चढवतात आणि बैलांच्या अनेक जोड्या तो अवजड रथ सोनेश्वरहून गावापर्यंत ओढत आणतात. हे दृश्य थरारक आहे, तरीही लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना मी ते सुचवत नाही. तुम्ही एकटे किंवा मित्रांसह जावे, रस्त्यापासून दूर शेताच्या बांधावर उभे राहावे आणि बैलांच्या वाटेत कधीही येऊ नये. त्याऐवजी कुटुंबासह फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला, देहूला जाता येईल. पहाटे लवकर पोहोचून इंद्रायणीकाठचे भजन ऐकावे आणि दुपारी बारा वाजता नांदुरकीच्या झाडाखाली पुष्पवृष्टी होते तेव्हा आई-वडिलांसाठी गर्दीच्या कडेची, सावलीची जागा धरून ठेवावी. ही तिथी रविवारी येईलच असे नाही, पण वर्षातून एक रजा याच्यासाठी टाकण्याजोगी आहे.

मार्च लागला की उन्हाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. तेव्हा मी लांबची सहल बंद करतो आणि सासवडकडे वळतो. दिवे घाट चढून सकाळी संगमेश्वर किंवा चांगावटेश्वर हे शिवमंदिर, त्यानंतर नारायणपूरचे दत्तमंदिर, आणि दुपारपूर्वी परत, एवढाच बेत पुरेसा आहे. वाटेत पुरंदरचे अंजीर मिळते. २०१६ मध्ये मानांकन मिळालेल्या या अंजिराचा मीठा बहर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फळांचा हंगाम, याच दिवसांत सुरू होतो. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथे जायचे असेल तर सर्व मोठ्या माणसांची ओळखपत्रे हवीत.

नागपूरकडे पळसाची राने तुम्ही पाहिली असतील, आणि तसे भरगच्च जंगल पुण्याजवळ मिळणार नाही. परंतु मुळशी-ताम्हिणीच्या रस्त्यावर फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलतात, आणि सकाळी आठपूर्वी एका फुललेल्या सावरीखाली सतरंजी टाकून बसलात तर मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी यांची अखंड ये-जा दिसते. या सहलीला पैसे लागत नाहीत आणि तिला कोणी मागणी करत नाही, पण माझ्या घरची माणसे दर वर्षी हीच सहल मागतात.

तुमचा पहिला रविवार जवळ आला आहे, तेव्हा कवडीपाट, भुलेश्वर आणि हुरडा यांपासून सुरुवात करावी, कारण हुरडा तुमच्यासाठी थांबणार नाही. त्याच आठवड्यात कुंभारगावच्या एखाद्या होडीवाल्याशी बोलून पाण्याची पातळी विचारून ठेवा, आणि चिखल उघडा पडला असे तो म्हणाला की पुढच्याच रविवारी पहाटे साडेचारला निघा.